साहेबांचा डावा खिसा

स्वतःच्या लग्नात वरमाला गळ्यात पडण्याआधी आमच्या साहेबांनी हारातलं एक फूल तोडलं, पाकळी दोन अंगठ्यांत धरून ताणली आणि "लांबी कमी आहे" असं भटजींना सांगितलं, ही गोष्ट त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांच्या तोंडावर सांगत. साहेब नाकारत नसत. "कमीच होती," एवढंच म्हणत आणि वर्तमानपत्रात डोकं घालत.

साहेब म्हणजे नेरच्या कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर, आणि मी तिथला काट्यावरचा बाबू. बंडी, म्हणजे कापसाची बैलगाडी, आली की साहेब कापसात कोपरापर्यंत हात घालत, तळातून चिमूटभर कापूस उपसत, दोन अंगठ्यांच्या नखांत धरून धागा ओढत आणि ग्रेड सांगत. सुपर, एफएक्यू, फेअर, नाहीतर रिजेक्ट. एफएक्यू म्हणजे बरा आणि फेअर म्हणजे बरा नाही, हे परगावच्या पाहुण्यांना समजावता समजावता माझी नोकरी संपली. त्यातही बोंडातून नीट न फुटलेला, किडीनं डागाळलेला कापूस म्हणजे कवडी, आणि हंगाम संपल्यावर झाडाला चिकटून राहिलेला तो फरदड. हे दोन शब्द साहेबांच्या तोंडून आले की समोरच्या माणसाचा चेहरा उतरे, मग तो कापूस आणणारा असो की त्यांच्या पंगतीत वाढणारा.

कारण साहेबांचे अंगठे केंद्रावरून सुटले तरी थांबत नसत. लग्नात जिलबी ताणून पाहत. यष्टीच्या फाटक्या सीटमधून काथ्या ओढून पाहत. एकदा एका पुढाऱ्याच्या शोकसभेत, सगळे मान खाली घालून उभे असताना, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाषणात पत्ती जास्त आहे." पत्ती म्हणजे कापसातला पालापाचोळा. मी त्या शोकसभेत हसलो हे गावात बरेच दिवस लोकांच्या लक्षात राहिलं. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ग्रेड देऊन टाकली होती: "बाबू फेअर आहे, पण कोरडा आहे." आमच्या सौ.ला ती इतकी आवडली की ती आजही वापरते.

माणूस मात्र काट्यासारखा सरळ. शेतकऱ्याचा चहा नाही, व्यापाऱ्याचं पान नाही, पाणीसुद्धा घरच्या बाटलीतलं. "ज्याच्या मालात हात घालायचा, त्याच्या घरचं तोंडात घालायचं नाही," हा त्यांचा नेम. दुसरा नेम मला त्यांनी पहिल्या दिवशीच शिकवला. "बाबू, मालाकडं पाह्याचं, मालकाकडं नाही पाह्याचं. मालकाकडं पाह्यलं का ग्रेड बिघडली म्हणून समज." आणि खरंच ते वर पाहत नसत. बंडीवर कोण बसलंय, मोठा बागायतदार की दीड एकरवाला, त्यांना घरी गेल्यावरही सांगता आलं नसतं. तिसरा नेम सगळ्या तालुक्याला पाठ होता: "सुटलेली यष्टी अन् देल्ली ग्रेड मांगं येत नाही." एकदा सांगितलं की संपलं. आमदारांचा फोन येवो की खुद्द वहिनींचा भाऊ बंडी घेऊन येवो.

आणि चौथी गोष्ट नेम नव्हती, सवय होती. कापूस खरोखर सुपर निघाला तर साहेब तोंडानं काहीच बोलत नसत. हातातला पुंजका शर्टाच्या डाव्या खिशात टाकत आणि पुढच्या बंडीकडे वळत. नवखा शेतकरी घाबरून जाई. जुने लोक त्याच्या पाठीवर थाप मारत, "गेला ना खिशात? मंग झालं! जाय, काट्यावर जाय." संध्याकाळी साहेबांचा खिसा उशीसारखा फुगलेला असे. वहिनी त्यातली सरकी वेगळी काढून देवघराच्या वाती वळत. त्यांच्या देवापुढे जळे तो पंचक्रोशीतला एक नंबर कापूस.

मग ती वाईट वर्षं आली. बियाणं बोगस निघालं, बोंडात अळी शिरली, पाऊस भलत्या वेळी आला आणि भाव तर आलाच नाही. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याला पाहायला जेवढे लोक आले तेवढे अजिंठ्यालाही गेले नसतील. दिल्लीचं पथक, मुंबईचं पथक, कॅमेरेवाले, अभ्यासक, सगळ्यांच्या गाडीत पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि तोंडात एकच प्रश्न: "जोडधंदा का करत नाही?" एका पथकातल्या साहेबांनी आमच्या साहेबांना, "हे पांढरं म्हणजेच कापूस ना?" असं विचारलं होतं. साहेबांनी त्यांच्या कोटाची बाही चिमटीत धरली, धागा पाहिला आणि म्हणाले, "हो. अन् हे टेरिकॉट."

पण त्या वर्षांत आमचं केंद्रही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. वरून तोंडी निरोप येई: गोदाम भरलंय, बारदाना संपलाय, आवक कमी करा. कमी कशी करायची? तर ओलाव्याची खोट काढायची. मार्च महिना, पत्रे उन्हानं तडतडतायत, काट्याच्या लोखंडाला हात लावला की चटका बसतोय, आणि साहेब कापसात हात घालून म्हणतायत, "ओलावा आहे. रिजेक्ट." ओलाव्याला पुरावा लागत नसे. तो ग्रेडरच्या बोटांना कळतो, एवढंच शास्त्र. एका म्हाताऱ्यानं बंडीवरून उतरून साहेबांपुढे हात जोडले होते. गावात सगळे त्याला बुढाच म्हणत. "साहेब, याच्यात पाणी असन तं सांगा, पिऊन घेतो. आमच्या गावात चार दिस झाले टँकर नाई आला." सगळं केंद्र हसलं. साहेब हसले नाहीत, आणि वरही पाहिलं नाही. त्या हंगामात त्यांचा खिसा सपाट राहिला. वहिनींनी पहिल्यांदा दुकानातून वातींचं पाकीट आणलं.

त्याच उन्हाळ्यात मिलिंद त्यांच्या घरी आला. साहेबांची एकुलती एक मुलगी शुभा. अमरावतीला शिकत होती, बापासारखीच एकदा बोलली की बदलायची नाही. मिलिंद आमच्याच गावचा, घर बुद्धविहाराच्या मागे. पुसदकडून दुग्धशास्त्र शिकून आला होता, आणि आल्या आल्या गावची दूध संस्था बंद पडलेली पाहत बसला होता. पळून न जाता, मध्यस्थ न घालता, इस्त्रीचा शर्ट घालून तो सरळ शुभाला मागायला आला. मी त्या दिवशी ओसरीवर होतो. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. शिक्षण विचारलं, वडिलांचं काम विचारलं, घर कुठं ते विचारलं. चहा पाजला. दारापर्यंत सोडायला गेले. मग परत येऊन बसले आणि म्हणाले, "ओलावा आहे."

जातीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तसला शब्द त्यांच्या घरात कधीच उच्चारला जात नसे, ते लोक सुशिक्षित होते. पण ओलावा म्हणजे काय हे केंद्रावरच्या हमालालासुद्धा कळत होतं, ते मला आणि वहिनींना कळणार नाही असं नव्हतं. आतल्या खोलीत शुभालाही ऐकू गेलं. दुसऱ्या महिन्यात तिनं यवतमाळला जाऊन नोंदणी लग्न केलं आणि दोघं दक्षिणेत कुठंतरी निघून गेली. साहेबांनी त्यानंतर तिचं नाव घेतलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "मुलगी बाहेरगावी असते," जशी काही ती बदलीवर गेली होती.

पुढची काही वर्षं घरात एक माणूस शुभा-मिलिंदशी गुपचूप बोलत होता, आणि तो म्हणजे वहिनी. हे मला फार उशिरा कळलं. माझ्या सौ.ला आधीपासून ठाऊक होतं, पण मी फेअर आणि कोरडा असल्यामुळे मला सांगितलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात, केंद्र बंद झाल्यावर, वहिनींनी साहेबांना त्यांच्या एकमेव दुबळ्या जागेवर पकडलं. "तुमची एलटीसी लॅप्स होऊन राह्यली." सरकारी खर्चानं फिरायची सवलत मुदतीत वापरली नाही तर बुडते, आणि हक्काची गोष्ट बुडू देणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. माझीही बुडत होती. तेव्हा दोन जोडपी, चार होल्डॉल, तिळाच्या चटणीचे डबे आणि भर मेमध्ये मागून आणलेल्या कानटोप्या घेऊन आम्ही बडनेऱ्याला दक्षिणेची गाडी पकडली.

त्या प्रवासाबद्दल फार सांगत नाही. साहेबांनी रेल्वेच्या उशीची शिवण उसवून आतला कापूस पाहिला आणि टीसीला बोलावून "हा फरदड आहे" असं सांगितलं. टीसी तमिळ होता, तो तिकीट मागत राहिला. इडलीला एफएक्यू मिळाली. समुद्राला ग्रेड दिली नाही, फक्त "ओलावा जास्त" म्हणाले. त्यांना वाटलं विनोद झाला, आणि वहिनी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग आम्ही निलगिरीत वर चढलो, उटीच्या अलीकडच्या एका गावात. धुकं, चहाचे मळे, रस्त्याच्या वळणावर लाल कौलांचं एक दुकान. तिथे वहिनींचे गुडघे अचानक दुखायला लागले. "थोडं आत बसूया ना," म्हणाल्या, आणि माझी सौ. माझा हात धरून मला आत ओढू लागली.

दार उघडलं आणि वास आला. साहेब उंबऱ्यावरच थबकले. "बाबू, इथं काही मेलं काय?"

दुकान चीजचं होतं. चीज म्हणजे आम्हाला तोवर ठाऊक होती ती डब्यातली पिवळी वडी, पोरांच्या वाढदिवसाची. इथे फळ्यांवर जात्याच्या पाळीएवढे गोळे मांडलेले, कुणी पांढरे, कुणी मातकट, काहींवर राखेसारखी पूड, आणि काचेआड एक निळ्या-हिरव्या बुरशीनं आतून बाहेरून व्यापलेला. एक गोरं जोडपं तोच विकत घेत होतं आणि वर आनंदात होतं. गल्ल्यामागे पांढरा अॅप्रन घातलेला माणूस होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातली सुरी हवेतच राहिली. मी त्याला ओळखलं. साहेबांनी ओळखलं नाही, कारण साहेबांनी नेमाप्रमाणे मालकाकडे पाहिलंच नाही. ते मालाकडे गेले.

आणि त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. बाह्या सारल्या आणि एका मऊ, साबुदाण्याच्या पापडीसारखी साय धरलेल्या गोळ्यात दोन बोटं खोल खुपसली. तळातून चिमूट उपसली. गोरी बाई किंचाळली. साहेबांनी ती चिमूट दोन अंगठ्यांच्या नखांत धरून ओढली. धागा निघाला नाही, चिकट लगदा निघाला. "फेअर," साहेब म्हणाले. मग काचेमागं हात घालून बुरशीच्या गोळ्याचा तुकडा मोडला, उजेडाकडं धरला. "अरे, ही तं सगळी कवडी हाये! कोणं मांडून ठेवली? रिजेक्ट."

"त्याचाच भाव सगळ्यात ज्यादा हाये, साहेब," गल्ल्यामागून आवाज आला. वऱ्हाडी आवाज.

साहेबांनी भाव विचारला. ऐकला, आणि जवळच्या स्टुलावर बसले. आयुष्यभर डाग दिसला की भाव पाडला होता; आणि इथे लोक डाग मोजून जास्तीचा भाव देत होते, वर "थँक्यू" म्हणत होते. मला त्यांची त्या क्षणी खरोखर दया आली. मग त्यांनी पहिल्यांदा नेम मोडून वर पाहिलं. समोर मिलिंद होता. मागच्या दारात, ओल्या हातांनी, शुभा उभी होती.

गोरं जोडपंसुद्धा पुडकं छातीशी धरून थांबलं. वहिनींचे गुडघे केव्हाच बरे झाले होते. त्या मुलीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचे ओले हात आपल्या पदराला पुसू लागल्या.

साहेब वहिनींना म्हणाले, "म्हणजे मदुराई, रामेश्वर, सगळं याच्यासाठी होतं?"

"एलटीसी तं वापरली ना?" वहिनी म्हणाल्या.

साहेब उठले. त्यांचा चेहरा मी केंद्रावर पाहिलेला, रिजेक्ट सांगतानाचा. ते दाराकडे दोन पावलं गेलेसुद्धा. तेव्हा शुभा बोलली. मोठ्यानं नाही.

"बाबा, केंद्रावर तुम्ही कवाच मालकाकडं पाह्यलं नाई. घरी हे आले तवा मात्र तुम्ही नुसता मालक पाह्यला. माल पाह्यलाच नाई."

साहेब पाठमोरे थांबले. बाहेर कुठल्या तरी बसचा हॉर्न वाजत होता. मला वाटलं आता जातील, आणि गेले तर वहिनी या वेळी त्यांच्या मागे जाणार नाहीत, हे वहिनींच्या उभं राहण्यावरून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी मुलीचा हात सोडला नव्हता.

साहेब वळले. मिलिंदकडे न पाहता, फळीकडे पाहत म्हणाले, "सगळ्यात चांगला माल कोणता?"

मिलिंद आत गेला आणि कापडात गुंडाळलेला एक जुना गोळा घेऊन आला. साहेबांनी आधी कापडाचा धागा ओढला. "कापूस आपल्याकडचा नाही."

"तिकडचा इथं भेटत नाई," मिलिंद म्हणाला.

"तिकडचा तिकडंही भेटून नाही राह्यला," साहेब म्हणाले. मग कापड सोडलं. आत पिवळट, कठीण, कडेला तडे गेलेला गोळा होता. त्यांनी सुरी नाकारली. नखानं मधला तुकडा मोडला, बोटांत चुरला, हुंगला. आणि मग आपल्या नोकरीत त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. ज्याच्या मालात हात घातला, त्याच्या घरचं तोंडात घातलं.

चावत राहिले. डोळे मिटलेले. मिलिंद गल्ल्याला दोन्ही हात टेकून उभा होता, अगदी शेतकरी बंडीजवळ उभा राहतो तसा. हा मुलगा शिकला, हजार मैल लांब आला, दुकान मांडलं, आणि शेवटी काय, तर पुन्हा आमच्या साहेबांच्या अंगठ्यापुढं. मला साहेबांचा राग आला, तो इतका की आज आठवला तरी येतो.

साहेबांनी डोळे उघडले. काही बोलले नाहीत. हातातला उरलेला तुकडा त्यांनी डाव्या खिशात टाकला.

मिलिंदचा चेहरा उतरला. त्याला काय माहीत? त्याच्या घरी कापूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "नाई आवडला?" आणि शुभा, जी लहानपणापासून त्या खिशातल्या सरक्या वेचत आली होती, ती हसायला लागली, आणि हसता हसता गल्ल्यावर डोकं टेकून रडायला लागली. माझी सौ. रडली. मी कोरडा आहे, म्हणून मी गोऱ्या जोडप्याला "व्हेरी गुड, व्हेरी गुड" असं काहीतरी समजावत राहिलो.

रात्रीचं जेवण दुकानामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत झालं. साहेब ज्वारीची भाकरी ताणून पाहून जेवले. हात धुताना मी धीर करून विचारलं, "साहेब, देल्ली ग्रेड मागं येत नाही ना?"

"मागं कुठं घेतली?" साहेब रागावले. "हा दुसरा वेचा हाये, दुसऱ्या वेचणीचा माल. हरेक वेच्याची ग्रेड अलग असते. इतकी वर्षं काट्यावर बसून हेही शिकला नाहीस?" असं म्हणून ते आत गेले. चूक झाली हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. ते येतील असं आमच्यापैकी कुणाला वाटलंही नव्हतं.

परतीच्या प्रवासात तो तुकडा खिशातच होता. गाडी जसजशी उत्तरेला आली तसतसा डबा रिकामा होत गेला. एका बाईनं साखळी ओढण्याची धमकी दिली. वहिनींनी विनवलं, मी विनवलं. साहेब खिशावर हात ठेवून बसून राहिले. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा मेचं ऊन होतं आणि खिशातून तूप गळत होतं. शर्टावर हाताच्या तळव्याएवढा पिवळा डाग पडला. तो साबणानं गेला नाही, सोड्यानं गेला नाही, आणि साहेब शर्ट टाकूही देईनात.

दिवाळीनंतर खरेदी सुरू झाली. पहिल्या दिवशी काटापूजन असतं. पुढारी नारळ फोडतात, पहिल्या बंडीला हार घालतात, अर्धा तालुका जमतो. साहेब आले ते तोच शर्ट घालून. पहिली बंडी नेमकी त्या टँकरवाल्या बुढ्याची होती. साहेब वाकले, कोपरापर्यंत हात घातला, आणि बुढा वरून ओरडला, "साहेब, यंदा तं तुमच्याच खिशाले कवडी लागली! कायचा डाग हाये हो?"

लोक खो खो हसले. पुढारी हसले. शुभाच्या लग्नाबद्दल गावाला वर्षानुवर्षं विचारायचं होतं ते विचारायला कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि बुढ्यानं तर नुसता डाग विचारला होता. साहेबांनी हात कापसातच ठेवला. आणि मान वर करून, बुढ्याच्या तोंडाकडे नीट पाहून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"जावयाच्या घरचा हाये. बुद्धविहारामागचा मिलिंद, तो माझा जावई." मग बुढ्याचा कापूस बाहेर काढला, ताणला, डागावरच खिशात टाकला, आणि म्हणाले, "चला, पुढची बंडी घ्या."